फुगवटा

श्रीवर्धनच्या मास्तरांनी फळ्यावर चंद्र काढला,
म्हणाले, समुद्र दिवसातून दोनदा येतो न् जातो.
मागून भोयांची सोजर म्हणाली,
आमच्याकडं वर्सातून एकदाच.
चंद्राच्या नाही, फोनच्या मर्जीनं.
नाशिकहून सोडलं की तिसऱ्या दिवशी
कायगावच्या घाटाच्या पायऱ्या बुडू लागतात,
फुगवटा प्रवरेत उलटा शिरतो,
बाप थर्माकोलवर बसून
बाभळीच्या शेंड्यांत जाळं टाकतो.

माघात पाणी पाय मागं घेतं.
जाताना काठावर रेघा सोडतं,
शिंपल्यांची, फेसाची, एक नुसत्या चपलांची,
रोज बोटभर खाली.
माय त्या गाळात टरबूज टोचत
पाण्याच्या मागं मागं जाते.
रात्री गयाबाई खुंटी सरकवते.
सातबाऱ्यावर नसलेल्या जमिनीची भांडणं
लई कडू असतात, मास्तर.

मास्तर जरा वेळ गप्प.
मग विचारलं, तुमचं पाणी खारट लागतं का कधी?
लागतं की. वैशाखात,
डबक्यात उरतं तेव्हा.

मास्तरांनी चंद्र पुसला नाही.
शेजारी फोन काढला,
जुना, वायरचा.