उलट्या हाताने

मेन स्विच स्वतः बंद केला असला
तरी अप्पा तारेवर विश्वास ठेवत नसत.
आधी टेस्टर, मग हाताची मागची बाजू.
"तळवा लावलास तर मूठ मिटते, तार सुटत नाही.
उलटा हात झटका बसला की आपसूक मागे येतो."
हे मला सांगितलं तेव्हा मी आठ वर्षांची,
सातपूरच्या खोलीत स्टूल धरून उभी,
वर ते, ओठांत दोन स्क्रू.

ताप बघायचा तोही तसाच.
अपरात्री कपाळावर
खरखरीत बोटांची पाठ टेकायची,
काळ्या टेपचा वास,
आणि अंधारातून, आईला:
"उतरलाय. झोप तू."

आजोबा तांबट. जुन्या नाशकात
सकाळपासून हंड्यांवर ठोके.
अप्पांनी ठोके सोडले, तांबं सोडलं नाही.
"बाप तांबं घडवून दुकानात मांडायचा,
मी तेच भिंतीत पुरतो," म्हणायचे.
"भांड्यावर लोक नाव तरी घालतात.
तारेवर कोण घालणार, दिगंबर तांबट म्हणून?"
आणि स्वतःच हसायचे, खांदे हलवत, आवाज न करता.

दिवसा अंबडच्या कारखान्यात पॅनल,
संध्याकाळी सिडकोतल्या कुणाच्या तरी नव्या घरात
भिंतीला चर पाडणं.
घरी यायचे ते भुवयांपर्यंत पांढरे,
लहानग्या शिरीषला वाटायचं
अप्पा रोज म्हातारे होऊन येतात
आणि आंघोळीनंतर बरे होतात.

रविवारी मखमलाबादकडे मळ्यातल्या मोटारी.
मजुरीऐवजी कधी द्राक्षांची पेटी.
आई म्हणायची, शाळेत फी म्हणून घड मोजू का?
पण सगळ्यात आधी तीच धुवायला घ्यायची.

कुंभाच्या वर्षी तपोवनात तात्पुरते खांब,
अठरा रात्री घरी आले नाहीत.
शेजारच्या गायधनी काकूंनी विचारलं,
गंगेवर राहून एक डुबकी नाही मारलीत?
"ओल्या हाताने काम करत नाही मी, काकू."

आणि आमच्या घरात
बोळातला दिवा लागायचा तो
बटण डावीकडे रेटून, वर अंगठ्याने दाबून.
दिव्याखाली अंधार, आई ऐकवायची.
"उद्या बसवतो नवीन."
सव्वीस वर्षं उद्या.
त्याच बोळात आम्ही दिवा विसरलो तर मात्र
"कोण बसलंय तिथे? तुमचा आजा?"

दवाखान्यात शेवटच्या पहाटे
यंत्रावरची रेघ सरळ झाली.
नर्सने एकेक वायर काढली,
घाईत, रंग न बघता,
अप्पा असते तर ओरडले असते.
मी कपाळाला हात लावला.
तळवा नाही, उलटा.
झटका बसला की हात आपसूक मागे येतो म्हणाला होतात.
आला नाही, अप्पा.

त्यांच्या पिशवीत पक्कड, टेस्टर, अर्धा खडू,
आणि उधारीची वही.
गायधनी काकू, पंखा, ४०. राहू दे.
हकीमुद्दीनभाई, बेल. चहा पाजला, फिटलं.
अन्सारी, शटरची मोटर, १५०. मुलगी आजारी, विचारू नये.
पानंच्या पानं अशी,
आणि मधेच एका कोपऱ्यात, वेगळ्या शाईत:
घर, बोळ, स्विच १.

तेराव्यानंतर शिरीषने नवीन बटण आणलं,
पांढरंशुभ्र, डबीतलं.
स्टूल मी धरलं. त्याने स्क्रू ओठांत धरला.
आई ओट्यापासून म्हणाली,
"असू दे रे ते."
मग स्वतः आली बोळात,
बटण डावीकडे रेटलं, वर अंगठ्याने दाबलं,
एकदा नाही लागला.
पुन्हा दाबलं.