साईडपट्टी

कोगे सोडलं की पुढं एक मोरी आहे,
तिथं रस्ता कंबर आवळतो.
डावीकडं ऊस, उजवीकडं ऊस,
मधून एक टेम्पो जाईल,
नाहीतर एक घोडी.
दोघं एकदम आली
तर कुणाला तरी लहान व्हावं लागतं.

मी लहान होणारा नव्हतो.
चाळीस कॅन दूध, सहाची वेळ,
आणि गंगावेशीत पैसे मोजून घेतलेला
तीन सुरांचा नवा हॉर्न.
वाजवायचा नाही तर घेतला कशाला?

वाजवला.

घोडी उधळली म्हणतात, ते अर्धंच खरं.
ती आधी आतल्या आत गोळा झाली,
पोट, मान, चारी पाय, एका मुठीत.
मग मूठ उघडली.
डांबरावर नालाची ठिणगी दिसली मला
आणि चरीत एक हेल्मेट, एक वेणी,
कोपरापाशी भलतीकडं वळलेला हात.

आफरीन नालबंद.
बाप दस्तगीर, तीन पिढ्या नाल ठोकणारे.
दवाखान्यात गेलो तेव्हा
म्हातारा भांडला नाही, तेच लागलं.
बाहेरच्या बाकावर त्यानं माझ्या तळहातावर
बोटानं घोडीचं डोकं काढलं.

"हे इथं डोळे. बाजूला.
सगळं दिसतंय तिला, बांधावरला बगळा बी.
फकस्त नाकाला लागून दिसत न्हाई
आणि शेपटामागं.
तू शेपटामागनं आलास
आणि वाघासारखा वरडलास.
आता ती काय म्हणंल, दूधवाला आला?"

मी हसलो नाही. तो हसला, थोडा.

"मागनं आलास तर बोल.
माणसागत बोल. आवाजाला तोंड असतंय,
भोंग्याला नसतंय.
जागा दिली तर जा, हळू, लांबनं.
आणि पुढं गेल्या गेल्या रेस दाबू नको.
डांबरावर नाल घसरतो बाबा.
साईडपट्टीचा मुरूम वाहून गेलाय,
ते तू बी बघतोस की रोज."

बघत होतो.
माझ्या चाकाला कधी त्याची गरज पडली नव्हती.

मार्गशीर्षात टिकली पुन्हा रस्त्याला आली.
धुक्यात आधी कपाळावरचा पांढरा ठिपका दिसायचा,
मग घोडी, मग पिवळं जाकीट घातलेली पोरगी.
मी मोरीच्या अलीकडंच क्लच दाबायचो,
खिडकीतनं डोकं काढून ओरडायचो,
"टिकलेऽ, दूध आलं गं!"
पहिल्या आठवड्यात दोन्ही कान मागं पडले.
दुसऱ्यात एकच वळला,
दुसरा आपला उसाकडं.
आफरीन तळवा खाली दाबायची: हळू.
मग पुढं करायची: जा.
कधी काहीच करायची नाही, विसरल्यागत,
आणि मी बसायचो
मागचे कॅन हलायचे थांबेपर्यंत.
थोडी मजाही घेत असेल. घेऊ दे.

संघात चार मिनिटं उशीर होतो.
फॅट तेवढीच लागते.

काल मागनं ट्रॅक्टर आला.
दोन ट्रॉल्या, कारखान्याची घाई,
डेकवर छाती हलवणारं गाणं.
पुढं टिकली, ऐन मोरीच्या तोंडाशी.
टेम्पो आडवा घातला असं नाही, खोटं कशाला बोलू.
फक्त मधोमध धरला,
घोडीच्या चालीवर आणला
आणि पाय ब्रेकवर टेकवून ठेवला,
मागचा लाल दिवा विझू दिला नाही.
ड्रायव्हरनं माझी आई काढली,
मग बाप.
मी आरशात बघून हात जोडले,
एकच. दुसरा स्टेअरिंगला होता.

समोर घोडी चालत राहिली.
जिथं मुरूम उरलाय तिथं टाप मऊ,
डांबर आलं की पुन्हा खणखणीत.
मोरी संपली. ती पाणंदीत वळली.
आफरीननं मागं न बघता
हात वर केला.
मला की ट्रॅक्टरला, कळलं नाही.

गाणं मात्र खाली आलं होतं.
बंद नाही.
खाली.