प्रथमपुरुषी अनेकवचन

हाउरेगी मंडईत पहिल्याच दिवशी
दोन्या तोमासा म्हणाली, "काय देऊ, ग्वेरिता?"
खोलीवर येऊन शब्दकोश उघडला :
ग्वेरिता म्हणजे गोरटेली.
मी!
जिच्या बारशाला आत्यानं
डाळीचं पीठ आणि साय आणली होती.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम पलीकडच्या गाळ्यावर गेले.
तिथला निवडुंगाचे काटे तासणारा पोरगाही
मान वर न करता, "अर्धा किलो का, ग्वेरा?"
अख्ख्या मंडईत मी गोरी,
सुक्या मिरच्यांच्या पोत्यांपासून
मक्याच्या पानांच्या ढिगाऱ्यापर्यंत.
शेवटी तोमासालाच गाठलं.
चायोते तराजूत टाकत ती म्हणाली,
"जिच्या हातात रिकामी पिशवी, ती गोरी."

मी पिशवीकडे पाहिलं.
जुन्या पडद्याची. वैजूनं शिवलेली.

हलापा हे चढाउतारांचं गाव.
धुकंसुद्धा इथे गल्ली चढताना
मध्येच दम खात उभं राहतं.
या गावाच्या नावाची मिरची जगभर बरणीत बसून फिरते,
इथे मात्र कुणी तिला त्या नावानं हाक मारत नाही.
घरच्या माणसाला कोण गावाच्या नावानं बोलावतं?
इथे ती नुसती जाडी. "दोन जाड्या द्या."

वर्ग सुटला की कॅफे.
काचेच्या ग्लासात तळाशी काळी कॉफी,
चमचा ग्लासावर टणटण वाजवायचा
की किटली घेऊन एलियुद येतो
आणि हातभर उंचीवरून दूध सोडतो.
त्या आवाजात मी एकदा प्राध्यापिका ओफेलियांना विचारलं,
नोसोत्रोस म्हणजे आम्ही की आपण?
त्यांना प्रश्नच कळेना.
मी साखरेच्या पुड्या मांडल्या :
ही मी, ही सितलाली, या तुम्ही.
आपण म्हटलं तर तिघी.
आम्ही म्हटलं तर तुम्ही बाहेर.
"म्हणजे तुमच्याकडे," सितलाली म्हणाली,
"कुणाला वगळलं ते तोंड उघडताच कळतं?"
आणि बाहेरची पुडी उचलून
तिनं स्वतःच्या कॉफीत ओतली.

शनिवारी रात्री कुणाच्यातरी अंगणात फांदांगो.
मधे एक लाकडी चौथरा, भोवती हारानांचा खणखणाट,
चौथऱ्यावर बायका टाचांनी ठेका धरून.
मी भिंतीला टेकून, हातात प्लास्टिकचा पेला,
परक्या लग्नात आल्यासारखी.
नियम साधा होता, मलाच माहीत नव्हता :
दमलेलीच्या खांद्याला हात लावायचा,
ती उतरते, तुम्ही चढता.
सितलालीनं माझा हात धरून
एका सत्तरीच्या बाईच्या खांद्यावर ठेवला.
तिनं वळून पाहिलं, रुमालानं कपाळ पुसलं,
आणि जागा दिली.

मला काही येत नव्हतं.
पण फळी पोकळ असते,
चुकीचा पायसुद्धा ती मोठ्यानं सांगते,
आणि हारानावाले त्याच्याभोवती वाट काढतात.
किती वेळ गेला कोण जाणे.
माझ्या खांद्यावर हात पडला तेव्हा
चक्क राग आला.

पहाटे तीनला फोन लावला. तिकडे दुपार.
"वैजू, आम्ही काय नाचलो गं आज!"
पलीकडे शांतता.
मग विळीचा आवाज थांबला.
"आम्ही म्हणजे कोण?"

हा शब्द मी तिच्याशिवाय कधी वापरलाच नव्हता.
आम्ही म्हणजे ती आणि मी, बाहेर सगळं जग.
मी नावं सांगू लागले,
सितलाली, एलियुद, ती सत्तरीची बाई, जिचं नाव विचारलंच नाही.
प्रत्येक नावाला ती हूं म्हणत गेली,
लहानपणी गोष्टीला म्हणायची तशी,
फक्त तेव्हा झोप यायची तिला.

मग म्हणाली, "पिशवी टिकलीय ना?"
"टिकलीय."
बंद उसवला होता.
तोमासानं परवाच टाका घातला, लाल दोऱ्याचा,
ते सांगायचं राहिलं.