मुदतीत भरल्यास

वीज मंडळाच्या रावपुऱ्यातल्या खिडकीत
मी एकतीस वर्षं बसले.
बिलाच्या तळाशी बारीक गुजरातीत एक ओळ असायची:
मुदतीत भरल्यास सूट.
ती ओळ ज्यांना वाचता यायची
त्यांच्याकडे बहुधा पैसेही असायचे.

आता मी निवृत्त, आणि सूट माझ्या अंगठ्याखाली.
चंदेरी पट्टी खरवडायची,
खाली तीन रुपये. कधी सात.
कधी नुसतंच ‘पुढच्या वेळी नक्की!’
आणि पडद्यावर उधळलेले रंगीत कपटे,
कुणाचं लग्न लागलंय कळत नाही.

शार्दूलनं, माझ्या भाच्यानं, दिवाळीत आला तेव्हा शिकवलं सगळं.
दांडिया बाजारातल्या मार्टमधून आले
की पिशवी रिकामी करायच्या आधी
बिल टेबलावर सपाट करते.
चार कोपऱ्यांवर मीठ, हळद, चहाचा डबा, चष्म्याचं घर,
मग फोटो. सावली पडली तर ॲप रागावतं.
शेंगदाणा तेलावर बारा, साबणावर दोन,
हिंगावर काही नाही. हिंगाला जगात कुणी विचारत नाही.

वही ठेवलीय अर्थात.
मार्च: एकशे अठरा रुपये चाळीस पैसे.
शेजारचा रकाना मी उशिरा आखला:
ऑफर होती म्हणून घेतलेलं, एरवी न घेतलेलं.
ओट्स, दोन पाकिटं. गल्लीतल्या कुत्र्यानंही हुंगून सोडले.
बेरीज दोनशे साठ.
त्या पानाची घडी घालून ठेवलीय.

परवा भांडी घासता घासता
जशीबेनच्या कमरेचं बिल ओट्यावर पडलं.
नाखी दो ने, बेन, ती म्हणाली.
बिल कुणाचं ते ॲपला कळत नाही,
हे मला तेव्हाच कळलं.
कोपऱ्यावर मीठ ठेवलं. हळद ठेवली.

तेल, अर्ध्या लिटरची पिशवी.
साखर अर्धा किलो.
शांपूच्या पुड्या, रुपयावाल्या, वीस.
दोनशे पानी वही एक.
रंगीत पेन्सिली, चोवीसची पेटी;
सगळ्या बिलात महाग तीच.
तिचा फोन बटणांचा आहे.

नऊ रुपये मिळाले. मला.
कपटे उधळले. मोरीत कढई घासल्याचा आवाज.

एकदा मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी
एक जण खिडकीशी आला होता.
पँटला सायकलची क्लिप तशीच, हातातलं बिल घामानं मऊ.
चौदा रुपयांची सूट गेली होती.
बेन, पगार आजच झाला, म्हणाला.
मी कॅलेंडरकडे बोट केलं. शिक्का मारला.
त्याचं नाव बिलावर होतं.
आम्ही ग्राहक क्रमांक वाचायचो.

जशीबेनला म्हटलं, तुझे नऊ रुपये आहेत माझ्याकडे.
शेना? तिनं विचारलं,
आणि मला सांगता येईना.
पैसे आहेत पण ते पैसे नाहीत.
पन्नास झाल्याशिवाय बाहेर येत नाहीत,
आणि आले तरी वीजबिलातच वळते होतात.
ती हात पुसत माझ्याकडे बघत राहिली,
जसं म्हाताऱ्या माणसांकडे बघतात.

शेवटी डब्यातली दहाची नोट काढून दिली.
तिनं कमरेची थैली चाचपली.
एक रुपया सुट्टा नव्हता तिच्याकडे.
मी राहू दे, राहू दे म्हणेपर्यंत
शांपूची एक पुडी माळेतून दातानं तोडून
तिनं ओट्यावर ठेवली,
हिशेब मिटल्यासारखी पदर खोचून निघून गेली.

वहीत नऊ रुपये कुठल्या रकान्यात मांडू,
विचार करत बसले होते, तेवढ्यात फोन उजळला.
ॲप विचारत होतं,
रंगीत पेन्सिली संपल्या का?