आंबे परत

रात्री पावणेतीनला माझा लोहार मेला.
मेला म्हणजे, त्याला कुणी मारलं नाही.
खाणीत घण उचललेला होता त्यानं
आणि पडद्यावर पांढरी चौकट आली:
प्रिय साहसवीर,
नियम चौदा, पोटकलम ग,
खातं कायमचं बंद.
खाली एकच बटण, 'समजलं'.
न समजण्यासाठी बटण नव्हतं.

घोडपदेवच्या या दहा बाय बारात
तीन वर्षं मी त्याला जागवला.
दिवसा चष्म्याच्या दुकानात
लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची,
रात्री त्याच्या हातून पिवळ्या शिरा फोडायच्या,
एकेक नाणं,
आवाज बंद करून,
कारण पलीकडे अप्पा झोपलेले.

हजार नाण्यांना त्र्याऐंशी रुपये.
गिऱ्हाइकं भली होती.
पारशी कॉलनीतले दातांचे डॉक्टर, बर्जिस,
त्यांना राक्षस मारायचा होता, खणायला वेळ नव्हता.
कांजूरचा एक पोरगा, बापाच्या फोनवरून.
पैसे पाठवताना शेऱ्यात काय लिहायचं ते ठरलेलं:
भिशी. शिकवणी. आंबे.
डॉक्टर बारा महिने आंबेच लिहायचे,
गणपतीत आंबे, थंडीत आंबे.

खेळात सौदा खरा दिसावा म्हणून
मी वीस हजार नाणी द्यायची
आणि त्यांनी मला एक भाजलेला मासा.
सोळाशे साठ रुपयांचा बांगडा.
तिथंच पकडलं बहुतेक.
इतकी भूक कुणाला लागत नाही.

अप्पा झारेकरी. आडनावानंही, धंद्यानंही.
भुलेश्वरच्या मागच्या गल्ल्यांतून
सोनारांच्या दुकानांतला केर विकत घ्यायचा,
भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी, झिजलेल्या चटया,
सगळं गाळत बसायचं, चाळीस वर्षं,
की महिन्याला निघायचं वाटाण्याएवढं काहीतरी.

सकाळी त्यांना सांगून टाकलं.
बशीत चहा ओतत त्यांनी विचारलं,
सोनं कुणाचं होतं?
कंपनीचं.
खाण?
कंपनीची.
आणि जागरण?

मग त्यांनी ती जुनी गोष्ट काढली,
राखेत एकदा साडेतीन ग्रॅमचा तुकडा निघाला,
पाटलीचा फासा,
शेठ धावत आला, माझा आहे म्हणून.
अप्पा म्हणाले, राख तुम्ही मोजून विकलीत,
आता तिच्यात जे असेल ते माझं.
शेठ गेला. शिव्या देत, पण गेला.

मी काय म्हणू?
मला कुणी राख विकलीच नव्हती.
फुंकायला दिली होती नुसती.

तरी अर्ज केला.
लिहिलं, घरी कुणी आजारी नाही, कर्ज नाही,
नाणी विकली हे खरं,
पण घण मी मारले होते, तेही खरं.
चार मिनिटांत उत्तर. प्रिय साहसवीर.
चार मिनिटांत कुणी वाचत नाही.
मी रोज बघते,
वरचं सगळ्यात मोठं अक्षर ओळखायलाही
माणसं वेळ घेतात.

भांडुपहून आमच्या टोळीतल्या प्रज्योतचा फोन आला:
ताई, वेशीजवळ तुझी भट्टी होती ना,
तिथं आता गवत आहे.
आणि नवं नाही वाटत गं,
फार आधीपासून असल्यासारखं आहे.

डॉक्टरांचे पैसे आगाऊ आले होते,
त्याच संध्याकाळी, पुढच्या वीस हजारांचे.
त्यांनी मागितले नाहीत.
दुपारी दुकानातून मी परत पाठवले.
शेऱ्याच्या रकान्यावर बोट थांबलं,
मग लिहिलं, आंबे परत.

लगेच त्यांचा निरोप,
काय झालं, नासले का?

समोर खुर्चीत एक बाई
शेवटची ओळ अंदाजानं वाचत होत्या.
फोन उलटा ठेवून
मी भिंग बदललं.
आता?