झाकण उघडं ठेवून

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
आमचं टायपिंग सेंटर.
व्हिसा, भाडेकरार, मेडिकल, हरवलेल्या पासपोर्टची तक्रार.
दिवसभर मी लोकांना सांगते :
पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहा,
कान दिसू देत, हसू नका.

तन्झील पारकर ड्रम वाजवतो. मूळचा दाभोळचा.
दिवसा एसीचे डक्ट ठोकतो,
म्हणतो, दोन्हीत फरक फक्त पगाराचा.
गाणारी मिथिला इथेच जन्मली,
चिडली की आईचं चिपळूण तिच्या तोंडी येतं.
बासवर रॉमेल. त्याला आमची भाषा येत नाही,
शिव्या मात्र सगळ्या येतात, उच्चारासकट.

व्हिडिओ करायचा ठरला तेव्हा
सुतारखान्यात भुश्श्यावर बसून
तन्झीलने जुने पंक व्हिडिओ लावले.
फाटके शर्ट, हलणारा कॅमेरा,
कापून चिकटवलेली अक्षरं, भिंतीवर थुंकी,
आणि एकाच्या गालात चक्क सेफ्टी पिन.
माझ्या बांगडीत अशा कायम तीन असतात,
कुणी आजवर मला बंडखोर म्हटलेलं नाही.
मिथिला म्हणाली, ताई, म्हणजे तू आमच्या आधीची.

अडचण आली घाणीची.
इथे भिंतीवर डाग पडायच्या आत रंगारी येतो,
गाडी धुतली नाही तर काचेवर नोटीस.
चिडायला एखादी तरी खराब भिंत हवी,
ती शोधत आम्ही दोन शुक्रवार फिरलो.
सापडली एक निसान. मालक बहुतेक कायमचा गावी गेलेला,
टायर बसलेले, काचेवर बोटभर धूळ.
त्या धुळीतून मिथिलाला टिपलं,
सेहेचाळीस डिग्रीत, बिनआवाजी ओरडताना.
आवाज केला असता तर वॉचमन आला असता.
वॉचमन तरीही आला.
बराच वेळ बघून म्हणाला,
बेटी, दाढ दुखतेय का?

मग मी म्हटलं, माझ्याकडे एक मशीन आहे.

रात्री शटर अर्धं पाडून
एकेक फ्रेम कागदावर काढली,
चुरगाळली, तळव्याने सपाट केली,
झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा,
पाचव्या खेपेला मिथिलाचं तोंड
नुसतं एक भोक उरलं, कडेने दाणेदार.
ज्या काचेवर मी रोज
देशोदेशीची माणसं पालथी घालते
तिच्यावर रॉमेलने गाल टेकला,
आणि तो हिरवा उजेड
त्याच्या मिटल्या पापण्यांवरून सावकाश गेला,
विमानतळावरच्या नजरेसारखा,
फक्त जरा गरम.

चारशे बारा कागद. टोनर माझ्या पगारातून.
पहाटे तन्झीलने फोटो जोडून चालवून बघितले
आणि दोन मिनिटं नऊ सेकंदांवर
एक माणूस येऊन गेला.
थांबव. मागे घे.
आमच्यातला नव्हता.
ट्रेमध्ये राहून गेलेली कुणाची तरी पासपोर्टची प्रत :
पांढरी भिंत, दोन्ही कान,
जन्म निजामाबाद, एकोणीसशे एकाहत्तर.
हसत नव्हता. मीच सांगितलं असणार.

तन्झील म्हणाला, राहू दे, इतका पंक तर आपण कुणीच नाही.
मी म्हटलं, त्याचा नंबर दिसतोय.
वाद झाला. करक चहा झाला. पुन्हा वाद.
मिथिला स्क्रीनकडे बघत बसली होती,
तिने काहीच सांगितलं नाही.
शेवटी तो कागद मी काढला
आणि त्याच्या जागी घालायला
झाकण उघडं ठेवून, काचेवर काही न ठेवता,
बटण दाबलं.
काळाकुट्ट कागद आला, ऊबदार.

आता ज्याला त्याला तेवढंच आवडतं.
मधला तो काळा झटका, म्हणतात, कसा काय सुचला?

सोमवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल.
मॅडम, माझी एक कॉपी राहिली होती.
मी दिली.
किती झाले?
एक दिरहम, सवयीने तोंडातून गेलं.
त्याने नाणं काउंटरवर ठेवलं,
मी ते गल्ल्यात टाकलं
आणि पुढचा टोकन नंबर पुकारला,
थोडा मोठ्याने.