नंबर टेकर

ओट्यावर खाट टाकून टीकाराम झोपे विचारतात,
"काय करू राह्यली वं, इतक्या राती?"
हवा मोजतेय, काका.
"भुसावळात? मे महिन्यात?
पान हालत नई, अन् तू हवा मोजू राह्यली."

माझी नळी एक मायक्रॉन उंचीची.
केसाचे उभे सत्तर काप केले
तर त्यातल्या एकाएवढी.
तिच्यातून जातो आरगॉन, विरळ,
इतका विरळ की याला वाहणं म्हणावं का
हाच माझ्या प्रबंधाचा पहिला प्रश्न.
सलग प्रवाहासाठी लिहिलेली समीकरणं
इथे तापीच्या उन्हाळी पात्रासारखी होतात:
मधे मधे डबकी, बाकी खडक.

म्हणून मी ठिपके सोडते.
एक ठिपका म्हणजे दहा लाख रेणू.

काका उठून बसतात.
अडतीस वर्षं यार्डात त्यांनी वाघिणींचे नंबर उतरवले,
हातात कंदील, कानामागे पेन्सिल.
"आत कोळसा का गहू, मले काय घेणं?
डब्यावर नंबर, नंबरावर भरोसा."
माझ्या गाइडनी हेच समजवायला
फळ्याच्या तीन बाजू भरल्या होत्या.

ठिपके खरं तर आदळत नाहीत.
एका चौकटीतले दोन उचलते, फासा टाकते
आणि ठरवते की हे भेटले.
भेटीनंतर दोघांचे वेग नवे,
बेरीज तेवढी जुनी.
काकांना हे पटत नाही.
शंटिंग झालं म्हणजे ठोका ऐकू आला पाहिजे.

भिंतीची गोष्ट निराळी.
भिंतीला लागलेला ठिपका विसरतो
कुठून आला, किती वेगात होता;
भिंतीची ऊब अंगाला लावून घेतो
आणि निघतो भलतीकडेच.
दहातला एक मात्र विसरत नाही.
आरशावरून परतावा तसा परततो.
त्या दहाव्याला काढून टाकलं
तर आलेख सुबक येतो, आणि चुकतो.

दाब कमी करत गेले.
प्रवाह मंदावला. ठीक.
आणखी कमी केला, आणखी मंदावला.
आणखी कमी केला
आणि दाबाच्या हिशेबात प्रवाह वाढला.

तीन आठवडे चूक शोधली.
चौकटी बारीक केल्या,
फाशाचं बीज बदललं: आधी माझी जन्मतारीख,
मग काकांचा पेन्शन नंबर.
दोनदा लाइट गेली, इन्व्हर्टर कण्हला,
सहा लाख पायऱ्या वाया.
आलेखातला खड्डा जागचा हलला नाही.

मग कळलं, शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी
काचेच्या नळीत हाच खड्डा पाहिला होता.
गर्दी असते तेव्हा सगळे मिळून रेटतात.
अगदी एकटं पडलं की कुणी आडवं येत नाही,
एखादा सुटतो तो थेट दुसऱ्या टोकालाच.
वाईट हाल मधल्यांचे,
ना रेटा, ना वाट.
(हे प्रबंधात असं लिहिता येत नाही.
तिथे लिहिलं: "न्यूनतम आढळला.")

या आठवड्यात दाब सारखा ठेवून
नळीचं एक टोक तापवलंय.
विरळ वायू भिंतीला धरून सरकतो
थंडाव्याकडून उष्णतेकडे.
काका, उलटं आहे ना?
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता ते थांबतात.
"उलटं कशाचं? तू नई आली
पुण्याहून भुसावळले?"

मला उत्तर सुचलं नाही.
ठिपके सरकत होते, फार हळू,
गोंगाटातून सरासरी वर यायला
अजून चार रात्री लागतील.

अडीचला मालगाडी गेली, लांबलचक,
खिडकीची काच बराच वेळ वाजत राहिली.
अंधारातून काका म्हणाले, "अठ्ठावन्न.
अन् एक ब्रेकव्हॅन."
इथून दिसलं तुम्हाला?
"दिसायले काय लागते? ऐकले."
आणि कूस बदलून झोपले.
मी फाइल सेव्ह केली.